नखाएवढी जागा

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस, सुरू झाले की बाजाराची वेळच बदलते. दिवसभर रोजा, सायंकाळी इफ्तार, रात्री तरावीहची नमाज आणि त्यानंतर ईदची खरेदी. संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकालसारख्या बाजारपेठेच्या गावातही या दिवसांत शिंप्याच्या मशीनला उसंत नसते. शेवया, खारीक-खोबरे, बांगड्या, अत्तर यांच्या दुकानांबरोबर ब्युटी पार्लरमधील कामही वाढते. मेंदी, थ्रेडिंग, फेशियल हे आपल्या ओळखीचे झाले. आता त्यात नखांची भर पडली आहे. मोठ्या शहरांतून आलेली ही सेवा तालुक्याच्या गावांपर्यंत उतरते आहे आणि तिच्याबरोबर घराघरात दोन प्रश्नही आले आहेत. मुली विचारतात, ‘ही नखे लावून नमाज होते का?’ आणि पार्लर चालवणाऱ्या मुली विचारतात, ‘आम्ही ही लावून द्यावीत का?’

पहिल्या प्रश्नावर बरेच बोलले जाते. दुसऱ्यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. आज बोलायचे आहे ते मुख्यतः दुसऱ्यावर.

आधी ही नखे म्हणजे नेमके काय ते समजून घेऊ. पूर्वी कृत्रिम नख म्हणजे नखाच्या टोकाला जोडलेला तुकडा आणि त्यावर थापलेला अॅक्रिलिकचा थर असे. फुल कव्हर प्रकारात तयार प्लॅस्टिकचे किंवा जेलचे नख मुळापासून टोकापर्यंत सगळे नख झाकते. ते लावण्याच्या तीन रीती आहेत. पहिली चिकट पट्टीची. ती काही तास ते एक-दोन दिवस टिकते आणि कोमट साबणपाणी व थोडे तेल लावले की सुटते. दुसरी नखांच्या गोंदाची. हा गोंद सायनोअॅक्रिलेट जातीचा असतो आणि नख साधारण आठवडाभर बसून राहते. तिसरी जेलची, यात नखाखाली जेल लावून ते दिव्याखाली कडक करतात. ते दोन-तीन आठवडे टिकते आणि काढताना अॅसिटोनमध्ये भिजवावे लागते. तिन्ही प्रकार तात्पुरतेच म्हणवले जातात, पण ‘तात्पुरते’ या एका शब्दात काही तासही बसतात आणि तीन आठवडेही. नमाज पढणाऱ्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे.

तो का, हे मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नमाजपूर्वी वुजू करावा लागतो. पवित्र कुरआनच्या सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत त्याची रीत आली आहे. चेहरा धुणे, हात कोपरापर्यंत धुणे, डोक्यावरून ओला हात फिरवणे आणि पाय घोट्यापर्यंत धुणे ही त्यातील चार अनिवार्य कर्मे. धुवायच्या भागावर पाणी प्रत्यक्ष पोहोचले पाहिजे, ही त्याची अट. सहीह मुस्लिममध्ये हजरत उमर (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. एका माणसाने वुजू केला, पण त्याच्या पायावर नखाएवढी जागा कोरडी राहिली. प्रेषित मुहम्मद पैगंबर (स.) यांनी ती पाहिली आणि त्याला परत जाऊन नीट वुजू करायला सांगितले.

नखाएवढी जागा! मोजमाप नखाचेच निघावे, हे या विषयापुरते तरी लक्षात ठेवण्यासारखे आहे. मेंदीचा फक्त रंग उरतो, थर उरत नाही, म्हणून मेंदीने वुजूला अडचण येत नाही. नेलपॉलिशचा थर बसतो, म्हणून ते पुसून वुजू करावा, असे बहुसंख्य उलमा सांगतात. पोलंडच्या इंग्लॉट कंपनीने हवा आणि ओलावा आरपार जाऊ देणारे नेलपॉलिश आणले, तेव्हा त्यावर जगभर चर्चा झाली. फुल कव्हर नखाबाबत तशा चर्चेला जागाच नाही. अख्ख्या प्लॅस्टिकच्या नखाखाली पाणी पोहोचत नाही, हे सांगायला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. हाड मोडल्यावर प्लॅस्टर घातले असेल तर त्यावरून ओला हात फिरवण्याची सवलत आहे, कारण ती गरज आहे. सजावटीला ती सवलत लागू होत नाही.

दोन गैरसमज मात्र दूर केले पाहिजेत. एक, नखे लावल्याने रोजा तुटत नाही. रोजा खाण्यापिण्याशी आणि संयमाशी निगडित आहे. इथे प्रश्न वुजूचा आणि नमाजचा आहे. दोन, वुजू करून मग नखे लावली तर तो वुजू टिकेपर्यंत त्यात नमाज पढता येते. वुजू गेला की नखे काढून पुन्हा करावा लागतो. ज्या दिवसांत बाईला नमाज माफ असते त्या दिवसांत वुजूची अडचण येत नाही, पण शेवटी गुस्ल म्हणजे शुद्धिस्नान करताना नखे निघालीच पाहिजेत. म्हणजे पट्टीची नखे आणि दिव्याखाली पक्की केलेली नखे यांत नमाजी बाईने काय निवडावे, हे उघड आहे. अशी नखे मुळात लावावीत की नाही यावर उलमांची मते आहेत; ज्यांना फतवा हवा त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. हा लेख व्यवहाराचा आहे.

व्यवहाराचा म्हटला की मला आणखी एक हदीस आठवते. तीही सहीह मुस्लिममध्येच आहे. पैगंबर (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगापाशी थांबले. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. वरून धान्य कोरडे, आतून भिजलेले. विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे कारण सांगितले. त्यावर त्यांनी विचारले की भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. धान्य भिजणे हा त्या माणसाचा दोष नव्हता. ते झाकणे हा दोष होता.

नखांच्या धंद्यात हीच कसोटी लागू करावी, असे माझे म्हणणे आहे. पार्लरमध्ये नखे लावणे हे स्वतःहून काही पाप नाही, पण झाकण्याचे काम करणाऱ्यावर एक जबाबदारी येते. काय झाकले जात आहे ते पाहणे आणि गिऱ्हाइकाला सांगणे, ही ती जबाबदारी.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट इतर ठिकाणांहून जास्त महत्त्वाची आहे. २०२४ सरताना आणि जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडलेल्या बायाबापड्यांचे फोटो देशभर गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक गावांत येऊन नमुने घेऊन गेले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातील काही जणांची नखे ठिसूळ झाली, रंग बदलला आणि ती गळू लागली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या अभ्यासातून बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनीही नखांच्या त्रासाचा संबंध शरीरातील सेलेनियमशी जोडला. त्या दिवसांत एखाद्या मुलीने लाजेपोटी आपली बिघडलेली नखे सुंदर कृत्रिम नखांखाली झाकली असती, तर काय झाले असते? लग्न जमायचे आहे, पाहुणे यायचे आहेत, ईद तोंडावर आहे, अशा वेळी झाकण्याचा मोह कोणाला होणार नाही? पण तिचा आजार मात्र आतल्या आत राहिला असता.

संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे तालुके खारपाणपट्ट्यात येतात. विहिरी-बोअरचे खारे पाणी आणि मूत्रपिंडाचे आजार हे इथले जुने दुखणे आहे. मूत्रपिंडाच्या दीर्घ आजारात काही रुग्णांची नखे अर्धी पांढरी आणि टोकाकडे अर्धी तपकिरी दिसतात. रक्त फार कमी असेल तर नख चमच्यासारखे खोलगट होते. डॉक्टर नाडी पाहतात, डोळ्यांची पापणी ओढून पाहतात, तसे नखेही पाहतात. रक्तातील प्राणवायू मोजायला बोटाला जो चिमटा लावतात, त्यालाही जाड कृत्रिम नख आड येऊ शकते. नख म्हणजे अल्लाहने शरीराला दिलेली एक छोटी खिडकी आहे. तिला पडदा लावायला हरकत नाही. पण लावण्यापूर्वी आत एकदा डोकावून पाहायला हवे.

म्हणून पार्लरच्या भगिनींना पहिली विनंती अशी : नख लावण्यापूर्वी नख पाहा. पिवळे, हिरवट, जाड, सुटलेले, ठिसूळ किंवा कडेला सुजलेले नख असेल तर काम घेऊ नका. ‘ताई, आधी दवाखान्यात दाखवा, मग या,’ एवढे सांगा. वरवट बकालला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथे दाखवायला सांगणे अवघड नाही. यात एका गिऱ्हाइकाचे पैसे बुडतील, पण विश्वास वाढेल. शिवाय रोगी नखावर कृत्रिम नख बसवले तर ते धड टिकतही नाही. मध्ये पोकळी राहते, तिथे पाणी साचते आणि जंतू वाढून नख हिरवे पडते.

दुसरी विनंती : आधी विचारा आणि आधी सांगा. ‘बाजी, नमाज पढता का? मग पट्टीवाली लावू, रात्री घरी काढता येतील,’ हे एक वाक्य बोलायला अर्धे मिनिट लागते. गिऱ्हाईक घरी गेल्यावर सासूने किंवा आईने विचारावे आणि तिने रात्री बारा वाजता नखे ओरबाडून काढावीत, यापेक्षा हे कितीतरी बरे. ओरबाडल्याने कृत्रिम नखाबरोबर खऱ्या नखाचे थरही सोलून निघतात. बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. पूर्ण नवे नख यायला जवळपास सहा महिने लागतात. एका रात्रीच्या घाईची भरपाई पुढच्या बकरी ईदपर्यंतही होत नाही. म्हणून काढून देण्याचे कामही लावण्याच्या पैशातच धरा आणि तसे गिऱ्हाइकाला सांगा. काढून न देणारी सेवा अर्धवट समजावी.

तिसरी विनंती स्वतःच्या जिवासाठी. नखांच्या जेलमध्ये आणि अॅक्रिलिकमध्ये अॅक्रिलेट वर्गातील रसायने असतात. कडक होण्याआधी ती त्वचेला वारंवार लागली तर अॅलर्जी होऊ शकते आणि ती एकदा झाली की बहुधा आयुष्यभर राहते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. अमेरिकेत मिथाइल मेथाक्रिलेट या स्वस्त द्रवाविरुद्ध तेथील औषध प्रशासनाने १९७०च्या दशकातच कारवाई केली. युरोपीय संघाने टीपीओ नावाच्या जेलमधील एका घटकावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येते. नखे लावणारी मुलगी रोज दिवसभर त्या वासात बसते. म्हणजे धोका तिलाच जास्त. लेबल नसलेली, घटक न लिहिलेली बाटली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. नायट्रिलचे हातमोजे घाला, मास्क वापरा, खिडकी उघडी ठेवा, जेल कातडीला लागू देऊ नका.

दोन धोके तर आपल्या घरातलेच आहेत. नखांचा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला की क्षणात तापतो आणि चटका देतो. आपल्या कापसाच्या मुलुखात सुती ओढणी आणि कापसाचा बोळा कुठे नसतो? सांडलेला गोंद कापसाने पुसू नका. अॅसिटोन तर चटकन पेट घेते. उदबत्ती, लोबान, गॅस यांच्याजवळ ती बाटली नको. आणि ज्या भगिनी इफ्तारसाठी भजी तळायला बसणार आहेत, त्यांनी प्लॅस्टिकची लांब नखे लावून कढईपुढे बसू नये. रुग्णालयात काम करणाऱ्यांनी तर ही नखे लावूच नयेत. रुग्णांना प्रत्यक्ष हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखे वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या हातस्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आता थोडे आपल्या समाजाबद्दल. रमजानमध्ये नखांचा विषय निघाला की बोलण्याची सगळी धार मुलींकडे वळते. हे न्यायाचे नाही. वुजूचा नियम बाईला वेगळा आणि पुरुषाला वेगळा नाही. रंगकाम करणाऱ्याच्या नखावर ऑइलपेंटचा थर असतो, सुताराच्या बोटावर फेविकॉल वाळलेला असतो. शक्य तेवढे खरवडून, घासून ते काढणे त्यांच्यावरही आहे. मेहनतीच्या कामात जे निघतच नाही, त्याबाबत उलमा सवलत सांगतात. पण मशिदीच्या नळावर घाईघाईने वुजू करणाऱ्या किती पुरुषांच्या टाचा कोरड्या राहतात, हे कोणी पाहते का? त्या हदीसमधली नखाएवढी कोरडी जागा पुरुषाच्याच पायावर होती. आणि ती दाखवताना पैगंबर (स.) यांनी त्याला ‘नीट कर’ एवढेच सांगितले. समजावण्याची पद्धत त्यांच्याकडूनच शिकायला हवी.

मूळ मुद्दा नखांची साफसफाई असेल तर तीही सर्वांनाच लागू आहे. नखे कापणे ही फितरतमधली, म्हणजे माणसाच्या मूळ स्वभावाला धरून असलेली गोष्ट सांगितली आहे आणि ती चाळीस दिवसांपेक्षा अधिक वाढू देऊ नयेत, अशीही हदीस आहे. घरातल्या मुलीच्या नखांकडे बोट दाखवणाऱ्याने आधी त्याच बोटाचे नख पाहावे.

पार्लर चालवणाऱ्या मुलीकडेही जरा आदराने पाहायला शिकले पाहिजे. दहावी-बारावीनंतर शिक्षण थांबलेली, कधी घरचा कमावता माणूस गेलेली, कधी शेतीत कापसाने दगा दिलेली घरे या छोट्या पार्लरांवर उभी राहिली आहेत. एका खोलीत आरसा, खुर्ची, दिवा एवढ्यावर चार माणसांची सहेरी-इफ्तार चालते. हाताच्या कामाला इस्लाममध्ये मोठा मान आहे. पैगंबर (स.) यांनी एकदा आपल्या पत्नींना सांगितले होते की तुमच्यातील सर्वांत लांब हात असलेली मला सर्वांत आधी येऊन मिळेल. त्या आपले हात मोजू लागल्या. पुढे सर्वांत आधी हजरत जैनब (रजि.) यांचे निधन झाले, तेव्हा अर्थ कळला. त्या आपल्या हातांनी काम करीत आणि त्या कमाईतून दान देत. लांब हात म्हणजे देणारा हात. हाताची शोभा कशात असते, याचा हा निवाडा चौदाशे वर्षांपूर्वीच झाला आहे. पार्लरमधील कमाईतून फित्रा काढणारी, धाकट्या भावाच्या शाळेची फी भरणारी मुलगी त्याच हातांच्या वाटेवर आहे. तिला ‘हा धंदा बंद कर’ म्हणण्यापेक्षा ‘हा धंदा खरेपणाने कर’ म्हणणे जास्त उपयोगाचे आहे. आणि गिऱ्हाइकांनीही चांदरातीच्या गर्दीत तिच्याकडून काम करवून घेऊन पैसे ‘ईदनंतर देते’ म्हणून अडवू नयेत. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण शेतमजुराला लागू होते तशी तिलाही होते.

तेव्हा या अखेरच्या दहा दिवसांत करायचे ते एवढेच. मशिदीतील बयानात आणि बायकांच्या मजलिसीत हा विषय टोमणे न मारता, नियम सांगून समजवावा. पार्लरच्या भगिनींनी आपल्या आरशाशेजारी एक साधा कागद लावावा : या नखाखाली पाणी जात नाही; हे किती दिवस टिकेल; हे ओढून काढू नये, आमच्याकडे येऊन काढून न्यावे; दुखऱ्या नखावर आम्ही काम करत नाही. चार ओळींचा हा कागद म्हणजे भिजलेले धान्य ढिगाच्या वर ठेवणे. त्याने धंदा कमी होणार नाही. गावच्या बाजारात शेवटी तोच टिकतो, ज्याच्या शब्दावर बायका डोळे झाकून विश्वास ठेवतात, मग त्या ईदसाठी आलेल्या असोत की लग्नसराईसाठी, मुस्लिम असोत की हिंदू.

आणि मुलींनो, ईदच्या दिवशी नटावे, सजावे. ती खुशीचीच गोष्ट आहे. हातावर मेंदी काढा. नखे लावायची हौस असेल तर सहज निघणारी लावा, वुजूच्या वेळी काढा आणि निवांत नमाज पढा. दुआसाठी हात वर उचलले जातील तेव्हा ते स्वच्छ असोत, निरोगी असोत आणि कोणाला काही देणारे असोत. अल्लाह आपल्या सर्वांचे रोजे आणि नमाजा कबूल करो, आपल्या या खारपाणपट्ट्याला गोड पाणी आणि निरोगी अन्न देवो. आमीन.